सोरायसिसशी घरोबा

कोपरावर लालसर चट्टा उठतो, त्यावर पांढरी खपली धरते. नायटा असेल, असे म्हणून आपण मेडिकलमधून एक ट्यूब आणतो. आठवड्यात चट्टा फिका पडतो. ट्यूब संपते आणि थोड्याच दिवसांत तोच चट्टा दुप्पट होऊन परत येतो. सोरायसिसची ओळख पुष्कळांना अशीच होते.

आधी आत काय चालले आहे ते पाहू. कातडीच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिन्याभराने गळून पडतात. सोरायसिसमध्ये रोगप्रतिकारशक्ती विनाकारण खवळते आणि हा महिन्याचा प्रवास जेमतेम आठवड्यात उरकतो. पेशींना धड गळायलाही उसंत मिळत नाही, त्या एकावर एक साचतात. तीच चंदेरी खपली. खालचा रक्तपुरवठा वाढतो म्हणून चट्टा लाल दिसतो, सावळ्या अंगावर मात्र तो जांभळट किंवा काळपट दिसू शकतो.

यात जंतूचा संसर्ग नाही, म्हणून हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. टॉवेल, ताट, अंथरूण वेगळे करायची गरज नाही. ‘रक्त खराब झालंय’ म्हणून जुलाबाची औषधे घेण्यातही अर्थ नाही.

पहिले काम म्हणजे त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान. कोपर, गुडघे, डोके, कंबर आणि बेंबी या सोरायसिसच्या आवडत्या जागा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील तर तेही दाखवावेत. आपल्या इतर गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्यावीत, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरचे लिथियम आणि मलेरियावरचे क्लोरोक्विन यांनी सोरायसिस भडकू शकतो.

सुरुवातीची ती ट्यूब बहुधा मिश्रणाची असते. तिच्यात स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधांबरोबर कालवलेले असते. लावले की बरे वाटते ते स्टेरॉइडमुळे. अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ साली सरकारने चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. पण काउंटरवर अजून चिठ्ठी मागतोय कोण!

आता रोजचा दिवस. अंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात आटोपणारी असावी. पाण्याने खपली मऊ होते, तेवढीच हाताने निघेल ती काढावी. वज्रीने घासणे, खरबरीत जाळीने रगडणे, दिवाळीत उटण्याने अंग चोळून काढणे हे सगळे टाळावे. सोरायसिस असलेल्या अंगावर जिथे खरचटते तिथे एक-दोन आठवड्यांत नवा चट्टा उगवू शकतो. हाइनरिश कोबनर या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवले आणि आजही ही खूण त्याच्याच नावाने ओळखली जाते. परकराची घट्ट नाडी, करकचून बांधलेला पट्टा यांचे घर्षणही त्यातच आले. आपल्याकडे चट्ट्यावर बिब्बा लावायचा सल्ला अजून मिळतो. तो कटाक्षाने टाळावा. बिब्ब्याने कातडी पोळते, फोड येतात आणि भाजल्या जागी सोरायसिस पसरायला वाट मिळते.

अंग टॉवेलने टिपून घ्यावे आणि कातडी ओलसर असतानाच तिला स्निग्ध काहीतरी लावावे. इथे बहुतेकांचा हात आखडतो. मोठ्या माणसाला अंगभर लावायचे तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो लागते. म्हणून महागड्या छोट्या डबीपेक्षा साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल बरे, कारण ते परवडते आणि म्हणून लावले जाते. चट्टे नसतील त्या दिवसांतही हे सोडू नये. फक्त एक खबरदारी घ्यावी. असले तेलकट थर कपड्यांत, चादरीत मुरतात आणि असा कपडा चटकन पेट घेतो. गॅस, निरांजन, फटाके यांच्याजवळ सांभाळून असावे. नुसत्या धुण्याने तो अंश पूर्ण जात नाही.

औषधी मलम ही वेगळी गोष्ट, ते फक्त चट्ट्यावर लावायचे. किती, याचे माप सोपे आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, ट्यूबमधून एक रेघ काढावी. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चेहरा, काखा, जांघा इथली कातडी पातळ असते. कोपरासाठी दिलेले कडक मलम तिथे लावू नये.

खरी गफलत पुढे होते. काही आठवड्यांत खपली जाते, पण जागेवर काळा किंवा पांढुरका डाग राहतो. हा डाग म्हणजेच आजार, असे समजून लोक महिनोन्‌महिने स्टेरॉइड चोळत राहतात. त्याने कातडी पातळ होते आणि तिच्यावर लाल शिरा दिसू लागतात. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवून पाहावे. आजूबाजूच्या कातडीसारखीच सपाट आणि गुळगुळीत लागली, तर चट्टा शमला आहे. उरला तो रंग, आणि तो निवळायला काही महिने लागतात. अजून जाड, खरखरीत लागत असेल तर उपचार बाकी आहेत. याच्या उलट चूकही तितकीच होते, ती म्हणजे जरा बरे वाटताच मलम एका दिवसात बंद करणे. ते एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असे कमी करत न्यायचे असते. हा क्रम डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्यावा.

डोक्यातल्या खपल्या कोंडा समजून फणीने ओरबाडू नयेत. रात्री तेल लावून त्या भिजू द्याव्यात. सकाळी डांबराचा औषधी शाम्पू लावून पाच-दहा मिनिटे ठेवावा आणि मग धुवावा. औषधी लोशन लावताना भांग पाडत जावे, नाहीतर ते केसांनाच लागते आणि कातडी कोरडी राहते.

चट्टे अंगभर असतील तर पुढची पायरी प्रकाशोपचाराची. त्यात ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने देतात. गुण येतो, पण नोकरी सांभाळून इतक्या खेपा घालणे कठीण. मध्ये मोठा खंड पडला तर मात्रा पुन्हा कमी करावी लागते.

गोळ्यांत मेथोट्रेक्सेट जुनी आणि स्वस्त. सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची असते. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. गैरसमजाने रोज घेतली गेली तर तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात, जीवावर बेतते. वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहावा. रक्त आणि यकृताच्या तपासण्या चुकवू नयेत, दारू वर्ज्य. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, म्हणून मूल हवे असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे.

त्याही पुढे बायॉलॉजिक नावाची इंजेक्शने आहेत. ती प्रतिकारशक्तीतला नेमका एखादा दुवा रोखतात. त्यातले इटोलिझुमॅब बंगळुरूच्या बायोकॉनने २०१३ मध्ये बाजारात आणले. खर्च अजून अनेकांच्या आवाक्याबाहेरच आहे. आपल्याकडे छुपा क्षयरोग बऱ्याच जणांच्या अंगात असतो, त्यामुळे अशी इंजेक्शने सुरू करण्याआधी त्याची तपासणी करतात.

‘मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्याच्या पुड्यांपासून मात्र चार हात दूर. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, आणि पोटातले स्टेरॉइड अचानक थांबले की सोरायसिस उसळतो. सगळे अंग लाल झाले, पूचे बारीक फोड आले किंवा हुडहुडी भरली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वांगे सोडा, आंबट सोडा असे सांगणारे घरोघरी भेटतात. त्याला ठोस आधार नाही. वाढलेले वजन उतरवल्याने मात्र फरक पडतो, दारू-तंबाखू सोडण्याचाही फायदाच होतो. घसा सुजून ताप आल्यावर मुलांच्या अंगावर बारीक ठिपके उठले तर घशाबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

सांध्यांकडेही लक्ष असावे. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बोटे आखडलेली राहिली, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजले, टाच दुखू लागली तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. सोरायसिसची संधिवाताशी सोयरीक असते आणि उशीर झाला तर सांधे कायमचे वाकडे होतात.

लग्न ठरवताना आनुवंशिकतेचा प्रश्न निघतोच. कल घराण्यातून येतो हे खरे, पण एका पालकाला सोरायसिस असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. स्थळाला हे आधीच सांगितलेले बरे. केस कापणाऱ्यालाही कात्री हातात घेण्यापूर्वीच सांगून टाकावे, म्हणजे दुकानात कुजबुज होत नाही.

डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशी चट्टे नेमके दबलेले असतात. म्हणून भडकले असतील तेव्हा मोबाइलवर फोटो काढावा, दर वेळी त्याच खिडकीच्या उजेडात. सोबत दोन ओळी लिहून ठेवाव्यात. त्या आठवड्यात घसा दुखला होता का, गोळीचा वार चुकला होता का, झोप उडाली होती का.