तलवारी घरी ठेवून या!

मंडळी, नाताळ आला की लंडनमध्ये हॅन्डलच्या 'मेसाया'चे कार्यक्रम लागतात. विषय येशूचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही गोंधळलोच. आपल्या भजनात सगळे एकच चाल गातात. इथे बायकांचे दोन, पुरुषांचे दोन असे चार गट, प्रत्येकाचे सूर वेगळे. एकाने ओळ सुरू करायची, दुसऱ्याने मागून उचलायची, तरी सगळं जुळतं! (आमच्यातले प्रोग्रॅमर बेहद्द खूश.)

गंमत म्हणजे हे मुळात नाताळचं नव्हेच. पहिला प्रयोग डब्लिनला १३ एप्रिल १७४२ रोजी, ईस्टरच्या तोंडावर झाला, तोही चक्क मदतनिधीसाठी. जास्त माणसं मावावीत म्हणून बायकांनी झग्याखालचे गोल सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती होती. सुमारे ४०० पौंड जमले. दोन रुग्णालयांना वाटा मिळाला आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले १४२ जण सुटले. पुढे १७५० पासून लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांच्या संस्थेसाठी, प्रयोग झाले. मृत्युपत्रात हॅन्डलने स्वरलिपीची एक प्रतही त्यांच्या नावे केली.

आपल्या कार्यक्रमाला तलवारी कुणी आणत नाही म्हणा. पण कोट आणि पिशव्या मांडीवर घेतल्यात, तर आणखी चार माणसं बसतील.