झाकणाबाहेर गेलेली वाफ

नागपंचमीला देशावरच्या पुष्कळ घरांत चुलीवर तवा चढत नाही. त्या दिवशी चिरणे, भाजणे, तळणे वर्ज्य. म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. पातेल्यात पाणी, त्यावर चाळणी, चाळणीत दिंडं आणि वर घट्ट झाकण. बाजारात मिळणारे स्टीलचे मोदकपात्र किंवा एकावर एक ताटल्यांचा स्टीमर म्हणजे हीच रचना, जरा नेटकी केलेली. आता वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : पाणी खळखळ उकळू लागल्यावर आच आणखी मोठी केली, तर दिंडं लवकर होतील का? बरेच विद्यार्थी ‘हो’ म्हणतील. घरोघरी आपणही तसेच समजून वागतो.

राळेगणसिद्धीसारख्या गावात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातले हे कमी पावसाचे गाव. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले आणि पुढे पाणलोटाची कामे उभी राहिली. गावाने स्वीकारलेल्या पंचसूत्रीत नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदीही होती. झाड तोडायचे नाही म्हटले की पहिला प्रश्न चुलीपुढे उभा राहतो. गावात बायोगॅस संयंत्रे आली त्यामागे हेही एक कारण आहे. पण बायोगॅसचे एक वैशिष्ट्य असते : आजच्या शेणातून जेवढा गॅस मिळेल तेवढाच हाताशी. तो उधळला तर संध्याकाळच्या भाकरीला कमी पडतो.

तो उधळला जातो कुठे, ते पाहू. एक लिटर पाणी २८ अंशांवरून ९८ अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी उष्णता लागते. (उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला साधारण १ अंशाने उतरतो, म्हणून पारनेरच्या पठारावर तो १०० नव्हे, ९८ च्या आसपास असतो.) मात्र त्याच एक लिटर उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. आणि एवढी उष्णता देऊनही तापमान एका अंशानेसुद्धा वाढत नाही. हीच अप्रकट उष्णता. उकळी फुटल्यावर मोठी केलेली आच पदार्थाला जास्त तापवत नाही. ती फक्त जास्त वाफ करते, आणि ती जादा वाफ झाकणाच्या कडेने बाहेर पडते.

पदार्थाला वाफ लागते तरी किती? वाफ थंड बटाट्याला स्पर्श करते, तिथेच तिचे पाणी होते आणि दर ग्रॅममागे ५४० कॅलरी बटाट्याला मिळतात. एक किलो बटाटे उकळीच्या तापमानाला आणायला साधारण ६० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ११०-१२० ग्रॅम वाफ, वाटीभर पाण्याची! तीही पुन्हा पाणी होऊन तळाशी ठिबकते. त्यानंतर फक्त भांड्याच्या बाजूंनी जाणारी उष्णता भरून काढायची असते. त्याला मंद आच भरपूर झाली.

आता हिशोब शेणाच्या भाषेत करू. एक घनमीटर बायोगॅस जळाला की सुमारे ५००० किलोकॅलरी मिळतात आणि चांगल्या शेगडीतून त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त भांड्यात पोचतात. म्हणजे एक लिटर पाणी वाफ करून घालवायला सुमारे २०० लिटर गॅस लागतो. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे झाकणाबाहेर गेलेल्या एक लिटर पाण्यामागे पाच किलो शेण! गाय दिवसाला दहा किलोच्या आसपास शेण देते. तिची अर्ध्या दिवसाची कमाई स्वयंपाकघराच्या छताला लागली. लाकडाच्या साध्या चुलीवर तर उष्णतेचा दहावा हिस्साच भांड्याला मिळतो असे धरले, तर तेवढ्याच वाफेसाठी सव्वा किलोहून जास्त सरपण जळते.

स्टील हा उष्णतेचा मंद वाहक आहे. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटींहून अधिक चांगला. म्हणूनच पातळ स्टीलच्या पातेल्यात खिचडी ज्योतीच्या वर नेमकी करपते. उकडताना मात्र हा दोष आड येत नाही, कारण उष्णता वाहून नेण्याचे काम धातू नाही, वाफ करते, आणि जिथे पदार्थ थंड असेल तिथेच ती आधी निवते. शिवाय स्टीलमधल्या क्रोमियमचा पृष्ठभागावर अतिशय पातळ ऑक्साइडचा थर बनतो, त्यामुळे चिंच-कोकमाच्या आंबटाचा त्यावर परिणाम होत नाही. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील उत्तम, ही दुकानातली परीक्षा मात्र अपुरी आहे. कमी निकेलचे, मँगॅनीज घातलेले स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही.

एका चुलीवर डब्यांची उतरंड लावून सगळे जेवण वाफवण्याची कल्पना जुनी आहे. बंगालच्या इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली केलेला ‘इकमिक कुकर’ महाराष्ट्रातही पोचला. पुढे पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने स्टीलचा ‘सराई कुकर’ तयार केला. उसाच्या पाचटापासून केलेल्या कोळशाच्या सुमारे १०० ग्रॅम कांड्यांवर त्यात चार-पाच माणसांचा वरण, भात आणि भाजी शिजते. या पाचटाच्या कोळशाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मला या कुकरमधली खरी हुशारी त्या १०० ग्रॅममध्ये दिसते. कोळसा मोजूनच घातला की आच मोठी ठेवायची सोयच उरत नाही.

अर्थात वाफेवर भाकरी होत नाही. खरपूसपणा यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो, आणि उघड्या वाफेला उत्कलनबिंदूची मर्यादा. तूरडाळही प्रेशर कुकरच्या १२० अंशांत झटपट शिजते. साध्या वाफेवर ती आधी भिजवून ठेवावी लागते. तांदळाचे मात्र अडत नाही, कारण त्यातला स्टार्च ७० अंशांच्या आसपासच फुगू लागतो.

वर्गासाठी प्रयोग सोपा आहे. स्टीमरमध्ये मोजून एक लिटर पाणी घ्या, सारख्या आकाराचे चार बटाटे ठेवा. उकळी आल्यापासून २५ मिनिटे मोठी आच ठेवा. सुई टोचून बटाटे पाहा आणि उरलेले पाणी मोजा. दुसऱ्यांदा उकळी येताच आच मंद करा. झाकणाच्या कडेने वाफेची बारीक रेघ दिसत राहील इतकीच. बटाटे दोन्ही वेळा सारखेच शिजलेले आढळतील, पाण्यात मात्र फरक पडेल. जितके मिलिलिटर पाणी वाचले, त्याच्या पाचपट ग्रॅम शेण वाचले. बोअरचे पाणी वापरले तर तळाशी पांढरा थर धरेल. तो चिंचेच्या पाण्याने निघतो आणि निघताना फसफसला तर तो कार्बोनेटचा, हेही सांगता येईल.

झाकण शिक्षकांनीच उघडावे, आणि तेही पलीकडच्या बाजूने उचलून. ज्या ५४० कॅलरींनी बटाटा शिजतो, त्याच हातावरही सुटतात.