वसईच्या घंटा, मंदिरांच्या दारी

पावसाळ्यात उल्हास नदी कशी फुगते, ते बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तिथून गेलेलं हे पाणी कल्याण ओलांडून वसईच्या खाडीत उतरतं आणि वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळतं. त्या किल्ल्यात संत जोसेफाच्या चर्चचा मनोरा अजून उभा आहे. हे चर्च 1546 साली बांधलं, 1601 साली वाढवलं. लोक त्याला कॅथीड्रल म्हणतात. छप्पर केव्हाच गेलं, आत गवत माजलं. मनोऱ्यात घंटा नाही. वसईच्या घंटा पाहायच्या तर मेणवली, भीमाशंकर, नाशिक अशी देवळांची वाट धरावी लागते.

1534 पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये घेतली. त्या मोहिमेत वज्रेश्वरी देवीला बोललेला नवस आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. घंटांची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही. जिंकलेल्या मुलखातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी घाटावर नेल्या आणि देवाला वाहिल्या. एवढं वजन त्या काळी घाट चढवून नेणं म्हणजे काय कष्ट असतील!

मला मोलाचं वाटतं ते पुढचं. घंटा म्हणजे तांबं आणि कथील, आणि तोफेलाही हेच दोन धातू लागतात. फक्त घंटेत कथील जास्त. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपभरच्या चर्चमधून हजारो घंटा उतरवून भट्टीत घातल्या. मराठ्यांनाही तोफा हव्याच होत्या. तरीही या घंटा वितळवल्या नाहीत. त्यांच्यावरची चिन्हंही कुणी तासून काढली नाहीत.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर जाऊन पाहा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून पायऱ्या उतरलं की मेणेश्वराच्या देवळाशेजारी दगडी बांधणीत एक थोरली घंटा टांगलेली दिसते. वजन सुमारे 650 किलो. तिच्यावर 1707 हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियाही आहे. शेजारी महादेव, समोर कृष्णामाई आणि घंटेवर मायलेकरू. ‘स्वदेस’चं चित्रीकरण इथंच झालं, म्हणून घाटावर फोटो काढणारे पुष्कळ येतात. घंटेवरचं साल वाचायला मात्र फार थोडे वाकतात.

चर्चची घंटा आपल्या देवळातल्या नेहमीच्या घंटेहून वेगळी असते. तिचं तोंड रुंद, कडेचा ओठ जाड, आणि लोलक नेमका त्या ओठावर आपटतो. मनोऱ्यात दोर ओढून सबंध घंटाच झुलवतात. आपल्याकडे ती टांगून पक्की केली आणि भाविक लोलकाला हात घालू लागला. नाद मात्र तोच. गाणं ऐकणाऱ्याने कान देऊन पाहावं: टोला पडला की मूळ स्वराखाली खर्ज घुमतो, वर पंचम लागतो आणि मध्ये कोमल गंधार रेंगाळतो. पाश्चात्त्य घंटेच्या आवाजात जी उदासी वाटते, ती या कोमल गंधाराची.

नाशकात नारोशंकराची घंटा तर गावाच्या बोलण्यातच शिरली आहे. पंचवटीतलं हे देऊळ 1747 साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी बांधलं. घंटेवर साल 1721. गोदावरी चढली की नाशिककर विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का? देवळाची घंटा पुराचं माप झाली! उल्हासच्या काठी राहणाऱ्याला या प्रश्नातली धास्ती वेगळी समजवावी लागत नाही.

युरोपात घंटांचं याहून मोठं वैभव आहे, ते म्हणजे कॅरिलन. निदान 23 घंटा सुरात लावून, मनोऱ्यात बसून, लाकडी दांड्यांवर मुठी मारत त्यावर गाणी वाजवतात. ज्याच्या कारकिर्दीत वसई हातची गेली, त्या पोर्तुगालच्या पाचव्या जुआंवने माफ्रा इथे राजवाडा आणि चर्च उभारलं आणि आजच्या बेल्जियममधून अशी दोन कॅरिलनं ओतून आणवली. दोन्ही मिळून नव्वदहून अधिक घंटा. तिथल्या चर्चचा अभिषेक 1730 चा. नऊ वर्षांत वसई हातची गेली.

गोव्यातही घंटांनी जागा बदलल्या. जुन्या गोव्याच्या से कॅथीड्रलची ‘सोन्याची घंटा’ आपल्या मनोऱ्यात आहे. दुसरा मनोरा 1776 साली कोसळला. संत ऑगस्टिनच्या मठाची घंटा मात्र आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि 1871 साली पणजीच्या चर्चमध्ये चढली. ती आजही गोव्यातली दुसऱ्या क्रमांकाची मोठी घंटा गणली जाते.

वसई मुलखातली चर्चं आज पुन्हा घंटांनी जागी आहेत. 1998 साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाली, पापडीला तिचं कॅथीड्रल आहे. जुन्या घंटा परत मागाव्यात असं मी म्हणणार नाही. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्या देवळांच्या झाल्या आहेत. देवस्थानांना एवढीच विनंती: या घंटांना ऑइलपेंट फासू नका, अक्षरं बुजू देऊ नका, आणि शेजारी मराठीत एक पाटी लावा. तिच्यावर घंटेवरचं साल लिहा आणि ती वसईहून आली, हेही लिहा.