हमालांच्या बिअरला किती गुण?

आपल्याकडे पदार्थाला मोठेपणा द्यायचा म्हणजे त्याला राजेरजवाड्यांचे नाव द्यावे लागते. हॉटेलातला बटाटा 'शाही' होतो, साधा पुलाव 'नवाबी' होतो. लंडनकरांनी मात्र अठराव्या शतकाच्या आरंभी आपल्या एका आवडत्या बिअरला चक्क हमालांचे नाव दिले. थेम्सच्या धक्क्यावर जहाजे रिकामी करणारे आणि शहरभर ओझी वाहणारे जे 'पोर्टर', ते ही काळसर, कडवट बिअर आवडीने पीत. म्हणून तीही 'पोर्टर'. हमालाच्या नावावर जगभर खपलेले दुसरे पेय निदान माझ्या तरी ऐकिवात नाही.

मराठीच्या प्राध्यापकाने बिअरविषयी लिहावे याचे कुणाला नवल वाटेल. पण गुण देणे हा तर आमचा धंदाच, आणि हल्ली बिअरलाही गुण देतात! अमेरिकेत १९८५ साली स्थापन झालेली बिअर-परीक्षकांची एक संस्था आहे. तिची गुणपत्रिका ५० गुणांची. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५, आणि एकंदर परिणामाला १०. दिसण्याला अवघे तीनच गुण, हे वाचून मला या मंडळींविषयी आदर वाटला. सुंदर हस्ताक्षराला आम्हीसुद्धा याहून अधिक देत नाही!

परंतु कुणालाही, कुठल्याही दुकानात मिळणारी पोर्टर या तराजूत घालावी कशी? परीक्षार्थीचे घराणे पाहू नये, असा आमचा दंडक आहे. पोर्टरच्या बाबतीत मात्र घराणे पाहिल्याखेरीज प्रश्नच नीट कळत नाही.

पोर्टर ही कारखान्यात वाढलेली बिअर. मोठमोठ्या लाकडी पिंपांत महिनोन्महिने मुरवली की ती चांगली होई, टिके आणि स्वस्तही पडे. पिंप जितके मोठे तितका नफा मोठा. थ्रेल यांचा लंडनमधील साउथवर्कचा कारखाना १७८१ साली १,३५,००० पौंडांना विकला गेला, आणि मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक म्हणून त्या विक्रीत पुढे होते ते कोशकार डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन! शब्दांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसावर बिअरचा हिशेब करण्याची पाळी आली. हमालांच्या पेयाने असे धनिक निर्माण केले. आपल्या देशाचाही तिच्याशी संबंध आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरची पिंपे जहाजांतून इकडे येत असत.

या भव्यतेची दुसरी बाजूही आहे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळील म्यू कंपनीच्या कारखान्यातले २२ फूट उंचीचे पोर्टरचे पिंप फुटले. शेजारच्या गरीब वस्तीत लोंढा घुसला आणि ८ माणसे, सारी बायका-मुले, प्राणास मुकली. चौकशीत तो दैवी अपघात ठरला. वाया गेलेल्या बिअरवर भरलेला कर सरकारने कंपनीला माघारी दिला. ज्यांची माणसे गेली त्यांना परत देण्यासारखे कुणापाशी काय होते? पोर्टर सामान्यांची होती, तिचा नफा मात्र त्यांचा नव्हता, हे विसरून तिच्या चवीचे कौतुक करू नये.

आता चवीकडे वळू. या बिअरचा जीव आहे भाजण्यात. जवांना मोड आणायचे, ते सुकवायचे आणि भाजायचे. पूर्वी सगळेच जव तपकिरी भाजत. पुढे मोजमापाची साधने आली, आणि फिक्या जवातून अधिक सत्त्व निघते हे कारखानदारांना कळले. फिके जव घेतले तर पैसा वाचे, पण रंग जाई. १८१७ साली डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात जव काळे भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तेव्हापासून फिक्या जवांत चिमूटभर काळे जव घातले की काम भागू लागले.

हे वाचून आमच्या घरच्या चकलीच्या भाजणीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. डाळ कच्ची राहिली तर भाजणी कच्चट, क्षणभर उशीर झाला तर करपट. त्या दोहोंमधल्या अरुंद जागेत 'खमंग' नावाचा शब्द राहतो. इंग्रजीत त्याला जोड नाही, आणि पोर्टरची परीक्षा तर नेमकी त्याच शब्दावर घ्यावी लागते.

मी परीक्षेला घेतली ती 'फुलर्स लंडन पोर्टर'. थेम्सकाठच्या चिझिक येथील हा जुना कारखाना. त्याचा बिअरचा धंदा २०१९ साली आसाही या जपानी कंपनीने घेतला. हिच्यात मद्यार्क ५.४ टक्के. लंडनमध्ये भाचीच्या घराजवळच्या वाणसामानाच्या मोठ्या दुकानात दूध, पाव आणि अंडी यांच्या सोबतीने ती टोपलीत येऊन पडली. बर्फासारखी गार करू नये, गारठ्याने जीभ बधिर होते. बाटली थंड कपाटातून काढून काही वेळ बाहेर ठेवली आणि मग ओतली.

रंग गर्द तपकिरी, पण पेला उजेडात धरला की कडेला माणकासारखी लाली. फेस बदामी. दिसण्याचे ३ पैकी ३. वास ताज्या दळलेल्या कॉफीचा, त्यामागे काकवीचा, ९. चवीला आधी गोडसर, मग भाजकी, आणि शेवटी हॉपच्या फुलांचा तुरट कडवटपणा; तो बेताचाच. खमंगपणा करपटाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतो, १५. तोंडात साईसारखी मऊ, ४. एकंदर परिणामाचे ८. बेरीज ३९. त्या गुणपत्रिकेप्रमाणे ३८ ते ४४ म्हणजे 'उत्कृष्ट'.

कुणी म्हणेल, प्राध्यापकमहाशय सढळ हाताचे दिसतात! तसे नाही. उलट गुणांच्या पद्धतीतच एक खोड आहे. परीक्षक घोटभर चाखतो आणि पुढच्या पेल्याकडे वळतो. अशा वेळी ठसकेबाज, जहाल, नऊ-दहा टक्के मद्यार्काची बिअर भाव खाऊन जाते. उत्तरपत्रिकांतही असेच घडते. अलंकारांची आतषबाजी करणारा मुलगा नजरेत भरतो आणि विचारलेल्या प्रश्नाचे सरळ, पुरते उत्तर लिहिणारी मुलगी मागे राहते. पोर्टरला प्रश्न कोणता होता? दिवसभर ओझे वाहिलेल्या माणसाचा घसा ओला करावा, जिभेला कंटाळा येऊ नये आणि खिशाला परवडावे. या प्रश्नाचे उत्तर घोटभरात कळत नाही. पेला संपल्यावर कळते. 'एकंदर परिणाम' या शब्दांचा मी तोच अर्थ घेतला.

मध्यंतरी हीच बिअर नापास होऊन शाळेबाहेर पडली होती. फिक्या बिअरची आवड वाढली, महायुद्धात धान्यावर निर्बंध आले, आणि १९७० नंतरच्या दशकात गिनेस कंपनीनेही आपली साधी पोर्टर बंद केली. तिचीच दणकट बहीण 'स्टाउट' तेवढी नावारूपाला राहिली. मग त्याच दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या लहान कारखानदारांनी पोर्टरला पुन्हा वर्गात आणून बसवले.

बाजारात सर्वांना मिळते म्हणून एखादी वस्तू हलकी, ही समजूत आपल्याही अंगवळणी पडली आहे. 'बाजारी' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण बाजारात रोज हजारोंच्या जिभेला उतरायचे, आणि तरी खमंग राहायचे, हे सोपे नसते. विश्वास नसेल तर यंदाची भाजणी ज्यांनी भाजली, त्यांनाच विचारून पाहावे!