माळ्यावरच्या पीसीची दुसरी नोकरी

१ जून २०२१ ला गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण संपली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. कंपन्या वेगळ्या, कारणे वेगळी, मध्ये चार वर्षांचे अंतर. पण सामान्य घरात या दोन्ही निर्णयांची झळ एकाच कुटुंबाला लागते. फोनमध्ये बारशापासून साठीशांतीपर्यंतचे फोटो तुंबलेले असतात आणि जागेसाठी दरमहा पैसे मोजावे लागतात. त्याच घराच्या माळ्यावर, विंडोज ११ चालत नाही एवढ्याच कारणाने, धडधाकट पीसी जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला असतो. होम सर्व्हर म्हणजे या पीसीला मिळालेली दुसरी नोकरी.

सर्व्हरसाठी खास जातीचा संगणक लागतो हा समज आधी काढून टाकावा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला तो नेक्स्ट कंपनीच्या टेबलावरच्या संगणकावर. त्यावर लाल शाईने सूचना लिहून चिकटवली होती की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६ मध्ये लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी प्रत्येकी ४ जीबीच्या दहा हार्डडिस्क लहान मुलांच्या रंगीत ठोकळ्यांच्या खोक्यात बसवल्या होत्या. सगळी मिळून ४० जीबी; आज स्टेशनरीच्या दुकानात याहून मोठा पेनड्राइव्ह मिळतो. दोन्हीकडे यंत्र साधेच होते. सर्व्हरपण आले ते त्या लाल शाईच्या सूचनेतून: अहोरात्र चालू राहायचे आणि मागणाऱ्याला मागितलेले द्यायचे. ताकदीचा प्रश्न नंतरचा.

त्यामुळे नवशिक्याने कोणता पीसी घ्यावा, या चर्चेत फार वेळ घालवू नये. २०१३ च्या आसपासचा, चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-३ रॅम आणि उभे कॅबिनेट असले की भागले. अशी कार्यालयांतून बाहेर पडलेली यंत्रे मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला, बंगळुरूत एस. पी. रोडला सेकंडहँड मिळतात. त्याहून फार मागे मात्र जाऊ नये. डेबियन या लिनक्स प्रणालीची ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, ३२ बिटच्या पीसीवर चढवताच येत नाही. माळ्यावर पेंटियम फोर सापडला तर त्याच्याकडे कौतुकाने पाहावे आणि तो ई-कचरा गोळा करणाऱ्याला द्यावा.

पीसी खाली उतरवल्यावर पहिला अर्धा दिवस पुसण्यात जातो. पंख्यातली धूळ ब्रशने काढायची, प्रोसेसरवरची वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावायची, आणि रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासायचे. हा शेवटचा उपाय आपल्याकडच्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला ठाऊक असतो आणि चालू न होणारे कित्येक पीसी तेवढ्यावरच उठतात. मदरबोर्डवरची रुपयाएवढी सीआर-२०३२ बॅटरी बदलावी. ती मेलेली असली की पीसी दरवेळी तारीख विसरतो आणि पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा म्हणून अडून बसतो. मॉनिटर-कीबोर्ड नसलेल्या यंत्राने कोपऱ्यात असे अडून बसणे परवडणारे नाही. डोके फुगलेले कपॅसिटर दिसले तर तो बोर्ड सोडून द्यावा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर दोष बहुधा भिंतीतल्या अर्थिंगचा असतो. आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा, संगणक मागाहून.

खरी परीक्षा हार्डडिस्कची. प्रोसेसर जुना झाला तर काम हळू होते, रॅम बिघडली तर यंत्र अडते, एसएमपीएस जळला तर नवा बसतो. डिस्क गेली की फोटो गेले. बहुतेक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवतात. ‘स्मार्ट’ नावाची ही वही लिनक्सवर स्मार्टमॉन्टूल्सने आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोने उघडता येते. त्यातल्या बऱ्याच ओळी अनाकलनीय असतात. नवशिक्याने तीनच पाहाव्यात. पाचव्या क्रमांकाची नोंद सांगते की किती खराब जागा सोडून देऊन राखीव जागा वापराव्या लागल्या. १९७ वी सांगते की किती जागा सध्या संशयित आहेत. या दोन्हींसमोर शून्य हवे. नववी म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली. वर्षाचे तास ८,७६०, त्यावरून वय काढावे. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमधून काढलेली डिस्क पाच वर्षे अखंड फिरलेली असू शकते, आणि तासांचा आकडा पुसून नवी म्हणून विकण्याचे प्रकारही झाले आहेत. म्हणून माझे मत असे की पूर्ण सर्व्हर भंगारातून उभा करावा, पण डेटाची डिस्क दुकानातून पावती आणि वॉरंटीसह नवी घ्यावी. काटकसर करायला बाकीचे कॅबिनेट पडलेले आहे. जुनी डिस्क चांगली निघाली तर ती दुसरी प्रत ठेवायला कामी येते.

प्रणालीचा भाग त्यामानाने सोपा आहे. डेबियन १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केले. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतल्या पात्रांची नावे असतात. ट्रिक्सी ही त्यातली खेळण्यातली डायनोसॉर. गमतीची नावे देणारे हे लोक सुधारणांच्या बाबतीत कमालीचे सनातनी आहेत आणि सर्व्हरला तोच स्वभाव हवा. पेनड्राइव्हवरून चढवताना दोन ठिकाणी थांबावे. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड विचारला की जागा कोरी सोडावी; मग पहिल्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे रूटची कामे करण्याचा, अधिकार आपोआप मिळतो. आणि सॉफ्टवेअर निवडण्याच्या पानावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून एसएसएच सर्व्हरवर खूण करावी. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरे पाहून धीर खचतो खरा, पण तो पडदा फार काळ समोर राहत नाही. पुढचे सगळे काम एसएसएचने आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवरून होते. ही सोय १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी तयार केली, तीही त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी पासवर्ड टिपल्यानंतर.

आता ती लाल शाईची सूचना अमलात आणायची. बायोसमध्ये वीज गेल्यानंतर काय करायचे याची एक सेटिंग असते. ती ‘पॉवर ऑन’वर ठेवली की वीज परत आल्यावर पीसी स्वतःहून उठतो. आपल्याकडच्या वीजपुरवठ्यात ही एक ओळ महागड्या प्रोसेसरपेक्षा उपयोगाची आहे. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, नाहीतर तो आज एका आकड्यावर आणि उद्या दुसऱ्यावर सापडतो. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डेटाची डिस्क नोंदवताना ‘नोफेल’ हा शब्द घालावा. तो नसेल तर डिस्कची केबल सैल होताच पूर्ण यंत्र सुरू होण्याच्या वाटेवरच थांबते. छोटा यूपीएस असेल तर उत्तम. आणि घरातल्यांना सांगून ठेवावे. झाडू मारताना, पाहुणे येताना किंवा गावाला जाताना ‘उगाच चालू आहे’ म्हणून बटण बंद करणारा हात प्रत्येक घरात असतो.

फाइली वाटण्याचे काम सांबा करते. कॅनबेरात शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांना डॉसवाल्या पीसीवरून युनिक्स यंत्राच्या डिस्कवरची जागा वापरायची होती. दोन यंत्रे एकमेकांशी काय बोलतात हे तारेवर ऐकून त्यांनी १९९२ च्या सुमारास तीच भाषा बोलणारा प्रोग्रॅम लिहिला. तीस वर्षांनंतर घरातल्या लॅपटॉपला नेमकी तीच जागा हवी असते. सांबात एक फोल्डर उघडला की तो विंडोजला, फोनला, टीव्हीला दिसू लागतो. फोटो आपोआप चढवायला इमिच, सिनेमांना जेलीफिन, कॅलेंडर-संपर्कांना नेक्स्टक्लाउड अशी पुढची मंडळी आहेत, पण पहिल्या महिन्यात सगळ्यांना एकदम बोलावू नये. एकट्या सांबाने घराचे बरेच भागते.

इथे अनेकांची निराशा होते ती वेगामुळे. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास फाइल सरकायला हवी, प्रत्यक्षात ११ वर अडकते. दोष पीसीला दिला जातो. खरे कारण बहुधा भिंतीतून आणलेल्या केबलच्या टोकाला असते. १०० मेगाबिटला आठपैकी चारच तारा पुरतात आणि कनेक्टर बसवणारा कधी कधी तेवढ्याच दाबून मोकळा होतो. गिगाबिटला आठही तारा लागतात.

घराबाहेरून फोटो पाहायची इच्छा झाली की खरा धोका सुरू होतो. राउटरला इंटरनेटकडून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल तर कंपनीने बऱ्याच ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिला आहे, आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडूनही कोणी आत येऊ शकत नाही. याला गैरसोय म्हणतात. नवशिक्यासाठी मी त्याला कृपा म्हणेन. ज्यांचा पत्ता स्वतंत्र आहे, त्यांनी एसएसएचचे पोर्ट जगाला उघडे केले की काही वेळातच अनोळखी यंत्रे पासवर्ड आजमावू लागतात, हे लॉगमध्ये स्पष्ट दिसते. सांबा तर कधीच बाहेर उघडू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेले वॉनाक्राय विंडोजमधल्या याच फाइल-वाटपाच्या भाषेतल्या दोषातून शिरले होते. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याचा खासगी बोगदा करावा किंवा त्यावरच बेतलेले टेलस्केल वापरावे. टेलस्केलला बाहेरचा पत्ता कसाही असला तरी चालते.

बॅकअपबद्दल एक गैरसमज फार चिवट आहे. दोन डिस्क रेड-१ मध्ये जोडल्या की एकीवरचे दुसरीवर उमटते आणि माणूस निर्धास्त होतो. पण चुकून पुसलेला फोल्डरही त्याच क्षणी दोन्हींवरून पुसला जातो. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा हिशेब अजून मोडीत निघालेला नाही: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे बहिणीच्या कपाटात ठेवलेली यूएसबी डिस्क चालते, फक्त दिवाळीला आणि गणपतीला ती आणून ताजी करायची. आणि अधूनमधून तिच्यावरून एखादा फोल्डर उघडून पाहायचा.

राहिले वीजबिल, ज्याबद्दल या छंदातले लोक जरा दबक्या आवाजात बोलतात. असा पीसी नुसता बसला तरी साधारण ३० ते ५० वॉट घेतो. ४० धरले तर दिवसाला ०.९६ युनिट, महिन्याला जवळपास २९, वर्षाला ३५०. महावितरणच्या टप्प्यांच्या दरात ९० युनिट वापरणारे घर यामुळे १०० ची रेघ ओलांडते आणि वरचे युनिट पुढच्या टप्प्याच्या भावाने लागतात. फुकटात मिळालेला पीसी फुकट चालत नाही. इंटेलच्या एन-१०० चिपची छोटी पेटी यापेक्षा बरीच कमी वीज खाते, आणि दोन-तीन वर्षांचे बिल समोर ठेवले तर तिची किंमत अंगावर येत नाही. तरी पहिल्याच दिवशी ती घ्यावी असे मला वाटत नाही. सर्व्हर सहा महिने खरोखर वापरात राहतो की कोपऱ्यात घोंगावत बसतो, हे आधी जुन्या पीसीवर कळू द्यावे. वापरात राहिला तर नव्या पेटीवर डेबियन कोरे चढवायचे, सांबाची एक फाइल नकलून न्यायची, डेटाची डिस्क यूएसबीच्या खोक्यातून जोडायची आणि एफएसटॅबमध्ये तिची ओळ लिहायची, ‘नोफेल’सकट.