ओपीडीचं बिल वाचायचं कसं? आईच्या गोळ्यांची गोष्ट

मी राजूरहून बोलतोय. अकोले तालुक्यातलं राजूर वेगळं बरं का, हे आपलं वणीजवळचं, कोळसा खाणी आणि चुनाभट्ट्यांचं राजूर. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

विषय आहे दवाखान्याचं बिल. भरती झाल्यावरचं लाखाचं बिल नाही. सकाळी गेलो, डॉक्टरांना दाखवलं, दुपारी घरी आलो, त्याचं बिल. म्हणजे ओपीडीचं.

माझ्या आईला बीपी आहे. मागे तिला एका खासगी दवाखान्यात नेलं होतं. काउंटरवर एक चिठ्ठी मिळाली. त्यावर एकच आकडा, 1,950. मी फोनवरून पैसे पाठवले आणि चिठ्ठी खिशात टाकली. कशाचे किती, हे विचारायला लाज वाटली. मागे रांग होती ना!

दोन महिन्यांनी कळलं, आईने गोळ्या बंद केल्यात. विचारलं तर म्हणाली, "मले नाही जायचं बापा, एका टायमाले दोन हजार लागते." तिच्या डोक्यात हिशेब पक्का होता, दर महिन्याला दोन हजार. तिचं बीपी मोजलं तर भलतंच वाढलेलं.

मग मी त्याच दवाखान्यात परत गेलो आणि तपशील मागितला. त्यांनी दिला. तपासणी फी 300, ईसीजी 300, रक्ताच्या तपासण्या 850, महिन्याच्या गोळ्या 500. आता बघा, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या काही दर महिन्याला नव्हत्या. म्हणजे 1,950 मधले 1,150 रुपये त्या दिवसापुरते होते. हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर आईच्या गोळ्या सुटल्या नसत्या.

म्हणून पहिली गोष्ट: नुसता एकूण आकडा म्हणजे बिल नव्हे. फी, तपासण्या, औषधं, इतर, असं वेगवेगळं लिहून मागा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तपशीलवार बिलाचा हक्क सांगितलाय. औषधं आणि तपासण्या कुठून घ्यायच्या, हे ठरवायचा हक्कही त्यात आहे. शिवाय महाराष्ट्रात 2021 मध्ये शुश्रूषागृहांचे नियम सुधारले. त्यानुसार खाटा असलेल्या खासगी रुग्णालयाला रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. आत गेल्यावर आधी भिंत बघा!

दुसरी गोष्ट, सरकारी दवाखाना. इथे नियम बदललाय आणि खूप जणांना तो अर्धाच माहीत आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सगळं त्यात आलं. केसपेपरचेही पैसे नाहीत.

मग यवतमाळला किंवा नागपूरच्या मेडिकलला पावती का फाडतात? कारण ती वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. ती वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, आणि 2023 चा निर्णय त्या विभागाचा नव्हता. बाहेरून दोन्ही 'सरकारी'च दिसतात, पण खातं वेगळं. म्हणून तिथे पावती मागितली की लगेच भांडू नका. शुल्काचा तक्ता बघा, रेशन कार्डावर काही सवलत आहे का ते विचारा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यात मात्र कोणी पैसे मागितले, तर पावती मागा आणि 104 या हेल्पलाइनवर फोन करा.

तिसरी गोष्ट, जीएसटी. डॉक्टरांची तपासणी फी आणि रक्ता-लघवीच्या तपासण्या यांवर जीएसटी नाही. बिलात तो वेगळा लावलेला दिसला, तर कशाचा ते विचारायचं. औषधांवर जीएसटी असतो, पण तो एमआरपीच्या आतच धरलेला असतो. एमआरपीच्या वर एक रुपयाही द्यायचा नाही.

आणि 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय. काही जीवरक्षक औषधांवर तर शून्य. सोपा हिशेब सांगतो. औषधाची मूळ किंमत 100 असेल, तर आधी 112 पडायचे, आता 105. फरक छोटा वाटतो, पण बीपीची गोळी वर्षभर घ्यायची असते. किंमत तपासायला 'फार्मा सही दाम' हे सरकारी ॲप आहे. औषधाचं नाव टाकलं की किंमत दिसते. मेडिकलमधून पक्कं बिल घ्या, आणि त्यावरचा बॅच नंबर पाकिटाशी जुळतो का, तेवढं बघा.

चौथी गोष्ट, योजना. "आमच्याकडे महात्मा फुले योजनेचं कार्ड आहे, मग ओपीडीचे पैसे का घेतले?" हा प्रश्न मला नेहमी येतो. ती योजना मुख्यतः भरती होऊन करायच्या, यादीत ठरवलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या ओपीडीच्या बिलाला ती लागू होत नाही. मेडिक्लेमचंही बहुतेक तसंच असतं. पॉलिसीत ओपीडीचा उल्लेख आहे का, ते आधी वाचा. असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, तपशीलवार बिल आणि रिपोर्ट, तिन्ही लागतील.

आता घरी गेल्यावर एक काम करा. आई-बाबांची मागची बिलं काढा, फोटो काढून फोनमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येक फोटोखाली दोनच गोष्टी लिहा: यातलं एकदाचं किती आणि दर महिन्याचं किती.

आमच्याकडे आता आईचं बीपी सरकारी दवाखान्यात मोजतात, गोळ्याही तिथूनच मिळतात. एखादी बाहेरून आणायला सांगितली, तर ती आत आहे का, हे आई स्वतःच विचारते. परवा मला म्हणाली, "तू काऊन लाजतं रे विचाराले? पैसे तं आपलेच आहे ना!"

बरोबर आहे तिचं. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर घरच्यांच्या गोळ्यांचं पाकीट एकदा उघडून बघा, किती उरल्यात ते.