मांडवांचा सण : अर्थ व आचरण

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव परिसरात ऑक्टोबर उजाडला की भाताची लोंबी पिकू लागते. मुंबई, ठाणे व वसई परिसरातील ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधव याच महिन्याच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करून नव्या पिकाबद्दल परमेश्वराचे आभार मानतात. साधारण याच ऋतूत यहुदी समाजाचा मांडवांचा सण येतो.

पवित्र शास्त्रात वल्हांडण, सप्ताहांचा सण व मांडवांचा सण असे यात्रेचे तीन मोठे सण सांगितले आहेत. यहुदी पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस मांडवांचा सण पाळावा आणि आठव्या दिवशी पवित्र मेळा भरवावा, अशी आज्ञा आहे (लेवीय २३:३३-४३). खळ्यातील धान्य व कुंडातील द्राक्षरस साठवून झाल्यावरचा हा आनंदोत्सव. यहुदी कुटुंबे घराजवळ किंवा सिनेगॉगच्या आवारात डहाळ्यांचा मांडव घालून त्यात भोजन करतात. छप्पर असे विरळ की त्यातून तारे दिसावेत! ठाणे शहरातील सिनेगॉग १८७९ सालचे असून मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे ते उपासनास्थान आहे.

कोठार भरलेले असताना पक्के घर सोडून मांडवात का राहायचे? इजिप्तमधून सुटलेले पूर्वज अरण्यात अशाच निवाऱ्यात राहिले होते, याचे स्मरण राहावे म्हणून. पोट भरले की माणूस देणाऱ्याला विसरतो. हा सण त्या विस्मरणावरील उपाय आहे.

प्रभू येशू या सणासाठी जेरुसलेमला गेला होता. सणाच्या दिवसांत शिलोह तळ्यातील पाणी आणून वेदीवर ओतले जाई. शेवटच्या दिवशी प्रभूने तहानेलेल्यांना आपल्याकडे बोलावले व जिवंत पाण्याचे वचन दिले (योहान ७:३७-३९). वल्हांडणाची पूर्तता आपण पुनरुत्थानाच्या सणात व सप्ताहांच्या सणाची पेंटेकॉस्टमध्ये पाहतो. मांडवांच्या सणाला आपल्या उपासना वर्षात स्वतंत्र दिवस नाही. परंतु शब्द देही झाला व त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, हे सांगताना संत योहानने वापरलेल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थच 'तंबू ठोकला' असा आहे (योहान १:१४).

या सणाची आणखी एक अट आहे. आनंदात दास, दासी, परदेशी, अनाथ व विधवा यांनाही सामील करून घ्यावे (अनुवाद १६:१४). दिवाळीनंतर भिवंडी-वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर आदिवासी कुटुंबे येतात आणि पावसाळ्यापर्यंत पेंढ्याच्या, प्लास्टिकच्या खोपटात दिवस काढतात. इस्राएल लोक सात दिवस आठवणीसाठी मांडवात राहत. ही कुटुंबे कित्येक महिने नाइलाजाने राहतात. नव्या भाताची लोंबी वेदीवर ठेवताना त्यांची रास्त मजुरी व त्यांच्या मुलांची शाळा यांचीही आपण आठवण ठेवतो काय? ती ठेवली, तरच आपले आभारप्रदर्शन पूर्ण होईल.